भारतातील ऑनलाइन उपग्रह नकाशांचा प्रारंभिक काळ

उपग्रहांनी टिपलेल्या पृथ्वीच्या प्रतिमा इंटरनेटवरून सर्वसामान्य नागरिकांना प्रथमच विनामूल्य पाहता येऊ लागल्या, तो साधारणतः इ.स. २००५ ते इ.स. २०१० हा कालखंड भारतातील ऑनलाइन उपग्रह नकाशांचा प्रारंभिक काळ मानता येतो. गूगल अर्थ (इ.स. २००५) आणि भारतीय अंतराळ संशोधन संस्थेचे म्हणजेच इस्रोचे भुवन (इ.स. २००९) ही या काळातील दोन महत्त्वाची व्यासपीठे होत. त्यापूर्वी सविस्तर नकाशे, हवाई छायाचित्रे आणि उपग्रह प्रतिमा यांचा वापर प्रामुख्याने सरकारी विभाग, सैन्यदले आणि संशोधन संस्था यांच्यापुरता मर्यादित होता. हा बदल सर्व प्रदेशांत एकाच वेळी पोहोचला नाही. मोठ्या शहरांतील इमारती संगणकाच्या पडद्यावर ओळखता येऊ लागल्या, तेव्हा ग्रामीण भागाचा बराच विस्तार धूसर प्रतिमांमध्येच दिसत होता. वर्धा जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील हिंगणी आणि तिच्या आसपासच्या परिसराच्या उदाहरणावरून हा फरक समजून घेता येतो.

स्वरूप

ऑनलाइन उपग्रह नकाशा म्हणजे उपग्रह प्रतिमा किंवा हवाई छायाचित्रे एकमेकांना जोडून तयार केलेला आणि ब्राउझरमध्ये सरकवता येणारा सपाट नकाशा होय. आभासी पृथ्वीगोलात याच प्रतिमा त्रिमितीय गोलाच्या पृष्ठभागावर पसरलेल्या असतात. त्यांना भूपृष्ठाच्या उंचीच्या माहितीची जोड दिल्यामुळे डोंगर, दऱ्या व पठारे तिरकस दृष्टिकोनातूनही पाहता येतात. यासाठी आरंभी वापरली गेलेली उंचीची माहिती मुख्यतः फेब्रुवारी २००० मधील 'एंडेव्हर' या अंतराळयानाच्या रडार मोहिमेतून मिळाली होती.

पार्श्वभूमी

भारतातील शास्त्रीय नकाशांकनाचा इतिहास दीर्घ आहे. भारतीय सर्वेक्षण विभागाची स्थापना इ.स. १७६७ मध्ये झाली. विल्यम लॅम्ब्टन याने इ.स. १८०२ मध्ये मद्रास येथून त्रिकोणमितीय सर्वेक्षणास आरंभ केला. पुढे ते 'ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे' या नावाने प्रसिद्ध झाले. लॅम्ब्टनचा मृत्यू इ.स. १८२३ मध्ये सर्वेक्षणाच्या कामानिमित्त नागपूरकडे जात असताना हिंगणघाट येथे झाला व तेथेच त्याचे दफन करण्यात आले. हिंगणघाट हे आज हिंगणीप्रमाणेच वर्धा जिल्ह्यात आहे. लॅम्ब्टननंतर हे काम जॉर्ज एव्हरेस्ट याने पुढे नेले. त्याच्या गणितावर आधारलेला पृथ्वीचा आकार, म्हणजे एव्हरेस्ट गोलाभ, भारतीय नकाशांसाठी दीर्घकाळ प्रमाण मानला गेला.

स्वातंत्र्योत्तर काळात भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे हाच सविस्तर माहितीचा मुख्य आधार राहिला. १:५०,००० प्रमाणाच्या अशा नकाशात जमिनीवरील एक किलोमीटर अंतर दोन सेंटीमीटरने दाखवले जाते. या प्रमाणात एक एकराचे चौरस शेत जेमतेम सव्वा मिलिमीटर बाजूचे होते. त्यामुळे गाव, ओढे, रस्ते व टेकड्या नकाशात असल्या तरी एकेक शेत त्यात दाखवता येत नसे. संरक्षणाच्या कारणास्तव सीमेलगतच्या आणि किनाऱ्यालगतच्या सुमारे ८० किलोमीटर पट्ट्यातील नकाशे सर्वसामान्यांना मिळत नसत. मुंबईसह कोकण किनारा या पट्ट्यात येत असे. वर्धा जिल्हा या पट्ट्याबाहेर होता. मात्र हवाई छायाचित्रांवरील निर्बंध तेथेही लागू होते.

शेतांच्या हद्दी दाखवणारे गाव नकाशे भूमी अभिलेख खात्याकडे स्वतंत्रपणे ठेवलेले असत. त्यांवर गट क्रमांक, शिवेच्या खुणा, पांदण रस्ते आणि गावठाण नोंदवलेले असे, परंतु ते अक्षांश-रेखांशांशी जोडलेले नसत. परिणामी एका गावाचा नकाशा शेजारच्या गावाच्या नकाशाशी अचूक जुळवणे कठीण जात असे.

भारतीय दूरसंवेदन

अमेरिकेचा लँडसॅट-१ हा उपग्रह २३ जुलै १९७२ रोजी प्रक्षेपित झाला आणि नागरी वापरासाठी पृथ्वीच्या नियमित निरीक्षणाचे युग सुरू झाले. भारताचा आयआरएस-१ए हा पहिला कार्यकारी दूरसंवेदन उपग्रह १७ मार्च १९८८ रोजी बैकानूर येथून अवकाशात सोडण्यात आला. त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने नागपूर येथे महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र स्थापन केले.

२८ डिसेंबर १९९५ रोजी प्रक्षेपित झालेल्या आयआरएस-१सी या उपग्रहाच्या कृष्णधवल कॅमेऱ्याची विभेदनक्षमता ५.८ मीटर होती. इ.स. १९९९ मध्ये आयकोनॉस हा अमेरिकी खाजगी उपग्रह येईपर्यंत नागरी उपग्रहांमध्ये ती सर्वोत्तम होती. म्हणजे आभासी पृथ्वीगोल लोकांच्या हाती येण्याच्या सुमारे दहा वर्षे आधीच भारताकडे देशाच्या बऱ्यापैकी तपशीलवार प्रतिमा होत्या. मात्र त्या हैदराबाद येथील राष्ट्रीय सुदूर संवेदन संस्थेकडून मागणी नोंदवून विकत घ्याव्या लागत आणि त्यांचे वाचन करण्यासाठी विशेष आज्ञावली व प्रशिक्षण आवश्यक असे. इ.स. २००१ च्या दूरसंवेदन माहिती धोरणानुसार ५.८ मीटरपर्यंतच्या प्रतिमा सर्वांना समान तत्त्वावर मिळू शकत. त्याहून सूक्ष्म प्रतिमांसाठी छाननी व परवानगी लागे.

आभासी पृथ्वीगोलांचा उदय

जून १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने टेरासर्व्हर हे संकेतस्थळ सुरू केले. अमेरिकेची हवाई छायाचित्रे आणि रशियन उपग्रहांच्या प्रतिमा त्यावर पाहता येत. त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेचे तत्कालीन उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनी एका भाषणात 'डिजिटल अर्थ' ही संकल्पना मांडली. शाळकरी मुलेही हाताळू शकतील असा माहितीने भरलेला त्रिमितीय पृथ्वीगोल त्यांना अभिप्रेत होता.

इ.स. २००१ मध्ये स्थापन झालेल्या कीहोल या कंपनीच्या अर्थव्ह्यूअर या आज्ञावलीने ही कल्पना व्यवहारात आणली. इ.स. २००३ च्या इराक युद्धाच्या वार्तांकनात दूरचित्रवाहिन्यांनी तिचा वापर केल्यामुळे ती प्रकाशझोतात आली. ऑक्टोबर २००४ मध्ये गूगलने ही कंपनी विकत घेतली. त्याच वर्षी नासाने वर्ल्ड विंड हा मुक्त स्रोत पृथ्वीगोल प्रसिद्ध केला. फेब्रुवारी २००५ मध्ये गूगल मॅप्स सुरू झाले, एप्रिलमध्ये त्यात उपग्रह प्रतिमांची सोय आली आणि २८ जून २००५ रोजी गूगल अर्थ विनामूल्य उपलब्ध झाले. जुलै २००५ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हर्च्युअल अर्थ ही सेवा सुरू केली.

कार्यपद्धती

संपूर्ण पृथ्वीची तपशीलवार प्रतिमा एकाच वेळी संगणकावर उतरवणे अशक्य असते. म्हणून ऑनलाइन नकाशांमध्ये प्रतिमेचे लहान चौकोनी तुकडे केले जातात. प्रचलित पद्धतीत असा प्रत्येक तुकडा २५६ × २५६ पिक्सेलचा असतो. सर्वांत वरच्या पातळीवर सगळे जग एकाच तुकड्यात मावते. पुढील प्रत्येक पातळीवर एका तुकड्याचे चार तुकडे होतात. दहाव्या पातळीवर त्यांची संख्या १०,४८,५७६ होते. वापरकर्ता जो भाग पाहत असेल, तेवढ्याच भागाचे तुकडे त्याच्या संगणकाकडे पाठवले जातात. आभासी पृथ्वीगोलातही हेच तत्त्व वापरले जाते.

या पद्धतीमुळे तुलनेने संथ जोडणीवरही नकाशा पाहणे शक्य झाले, पण वाट पाहावी लागत असे. १०२४ × ७६८ पिक्सेलचा पडदा भरण्यासाठी १२ तुकडे लागतात. एक तुकडा सुमारे २० किलोबाइटचा धरल्यास, दूरध्वनी तारेवरील ५६ किलोबिट प्रतिसेकंद जोडणीने हे तुकडे येण्यास अर्ध्या मिनिटाहून थोडा अधिक वेळ लागतो. नकाशा सरकवला की नवे तुकडे मागवावे लागतात. भारताच्या इ.स. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात २५६ किलोबिट प्रतिसेकंद ही किमान गती ठरवण्यात आली होती. त्या गतीने हेच काम सात-आठ सेकंदांत होते. त्यामुळे या सेवांचा प्रसार आधी ब्रॉडबँड पोहोचलेल्या शहरांत, कार्यालयांत आणि सायबर कॅफेंमध्ये झाला.

विभेदनक्षमता आणि ग्रामीण भाग

प्रतिमेतील एक पिक्सेल जमिनीचा किती भाग व्यापतो, यावर त्या प्रतिमेत काय ओळखता येईल हे ठरते. एक एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर क्षेत्र होय. हे क्षेत्र निरनिराळ्या उपग्रहांच्या प्रतिमांमध्ये पुढीलप्रमाणे दिसते:

• आयआरएस-१ए (लिस-१ कॅमेरा, ७२.५ मीटर): एक पिक्सेल एक एकरापेक्षाही मोठा
• लँडसॅट-७ (१५ मीटर): सुमारे १८ पिक्सेल
• आयआरएस-१सी (५.८ मीटर): सुमारे १२० पिक्सेल
• कार्टोसॅट-१ (२.५ मीटर): सुमारे ६५० पिक्सेल
• आयकोनॉस (१ मीटर): सुमारे ४,०५० पिक्सेल
• क्विकबर्ड (०.६ मीटर): सुमारे ११,२०० पिक्सेल

गूगल अर्थच्या आरंभीच्या आवृत्तीत जगाच्या बहुतांश भागासाठी लँडसॅटच्या १५ मीटर विभेदनक्षमतेच्या प्रतिमांचे आवरण होते. दिल्ली, मुंबई, बंगळूर यांसारख्या महानगरांवर मात्र क्विकबर्डसारख्या खाजगी उपग्रहांच्या प्रतिमा चढवलेल्या होत्या. ज्या भागांना व्यावसायिक मागणी अधिक होती, त्या भागांच्या सूक्ष्म प्रतिमा आधी घेतल्या गेल्या. गावांची पाळी हळूहळू, प्रतिमांच्या पुढील अद्ययावतीकरणांत आली.

हिंगणीजवळ बोर धरणाचा जलाशय आणि बोर अभयारण्याचे साग व बांबूचे पानझडी वन आहे. १५ मीटरच्या प्रतिमेत जलाशयाचा गडद आकार, वनाची कड, शेतीचा पट्टा आणि गावठाणाचा फिकट ठिपका ही मोठी रूपे वेगळी काढता येतात. बुलढाणा जिल्ह्यातील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार विवरही अशा प्रतिमेत स्पष्ट दिसते. परंतु घर, विहीर, पांदण किंवा विदर्भात ज्याला 'धुरा' म्हणतात तो शेताचा बांध तिच्यात दिसत नाही. धुरा बहुधा एका मीटरच्या आसपास रुंद असतो. तो ओळखण्यासाठी एका मीटरची किंवा त्याहून सूक्ष्म प्रतिमा लागते. आपले गाव नकाशात आहे आणि आपले शेत नकाशात आहे, या दोन विधानांमधील अंतर अशा प्रकारे पिक्सेलच्या आकाराचे होते.

प्रतिमा कोणत्या ऋतूत घेतली यावरही तिचे वाचन अवलंबून असते. विदर्भात जून ते सप्टेंबर या काळात आकाश बहुधा ढगाळ असल्याने खरिपातील कापूस, सोयाबीन व तूर ही पिके ऐन वाढीत असताना निरभ्र प्रतिमा क्वचितच मिळते. उन्हाळ्यातील प्रतिमेत सागाची पाने गळाल्यामुळे घनदाट वनही तपकिरी व विरळ भासते आणि जलाशय आक्रसलेला दिसतो. पृथ्वीगोलावर शेजारशेजारचे तुकडे वेगवेगळ्या तारखांचे असल्यास एकाच वनात रंगाची सरळ रेघ उमटते. जमिनीवर अशी कोणतीही सीमा नसते. आरंभीच्या काळात पृथ्वीगोल हे त्या क्षणाचे थेट दृश्य आहे असा गैरसमज व्यापक होता. प्रत्यक्षात प्रतिमा अनेक महिने किंवा वर्षे जुन्या असत.

सुरक्षाविषयक वाद

ऑक्टोबर २००५ मध्ये तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांनी हैदराबाद येथे पोलीस अधिकाऱ्यांसमोर बोलताना, संवेदनशील ठिकाणांच्या सूक्ष्म प्रतिमा कोणालाही मुक्तपणे मिळण्याबद्दल चिंता व्यक्त केली. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर झालेल्या दहशतवादी हल्ल्यानंतर हल्लेखोरांनी पूर्वतयारीत गूगल अर्थचा उपयोग केल्याचे तपासाच्या संदर्भात वृत्तांतून पुढे आले. डिसेंबर २००८ मध्ये अशा सेवांवर निर्बंध घालावेत अशी मागणी करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली.

या वादात दोन बाजू होत्या. अशा प्रतिमांमुळे हल्ल्याची तयारी सोपी होते, असे एका बाजूचे म्हणणे होते. याच प्रतिमा परदेशी कंपन्यांकडून विकत मिळतच असल्याने बंदीचा परिणाम केवळ सामान्य नागरिक, विद्यार्थी आणि मदतकार्य करणाऱ्या संस्था यांच्यावरच होईल, असे दुसऱ्या बाजूचे प्रतिपादन होते.

दरम्यान मे २००५ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय नकाशा धोरण जाहीर केले होते. त्यानुसार संरक्षण मालिका व मुक्त मालिका असे स्थलदर्शक नकाशांचे दोन प्रकार करण्यात आले. मुक्त मालिकेसाठी एव्हरेस्ट गोलाभाऐवजी जीपीएसमध्ये वापरली जाणारी डब्ल्यूजीएस-८४ ही जागतिक पद्धत स्वीकारण्यात आली. जुने नकाशे उपग्रह प्रतिमेवर ठेवल्यास ते सरकलेले दिसण्याचे एक कारण या दोन पद्धतींमधील फरक हे होते.

भुवन

१२ ऑगस्ट २००९ रोजी, डॉ. विक्रम साराभाई यांच्या जयंतीदिनी, इस्रोने भुवन हे संकेतस्थळ प्रायोगिक स्वरूपात सुरू केले. तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या हस्ते नवी दिल्ली येथे त्याचे उद्घाटन झाले. संकेतस्थळाची उभारणी हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राने केली होती.

भुवनवर भारतीय उपग्रहांच्या प्रतिमा वापरण्यात आल्या. आरंभी सर्वाधिक विभेदनक्षमता ५.८ मीटर होती आणि संरक्षणदृष्ट्या संवेदनशील ठिकाणे वगळण्यात आली होती. त्यामुळे शहरांतील तपशिलांच्या बाबतीत गूगल अर्थशी तुलना होऊन भुवनवर टीका झाली. ते वापरण्यासाठी नोंदणी करावी लागे व वेगळी आज्ञावली उतरवून घ्यावी लागे. सुरुवातीच्या दिवसांत संकेतस्थळ संथ चालत असे. ग्रामीण भागाच्या दृष्टीने मात्र ही तुलना वेगळी ठरते. जेथे जागतिक सेवांवर १५ मीटरचेच आवरण होते, तेथे ५.८ मीटरच्या प्रतिमेत एका एकरासाठी सुमारे सहापट अधिक पिक्सेल मिळतात. शिवाय मृदा, पडीक जमीन, जलस्रोत अशा विषयांचे माहितीथर प्रतिमेसोबत पाहता येणे हे भुवनचे वैशिष्ट्य होते.

लोकसहभाग आणि स्थळनामे

उपग्रह प्रतिमेत गावाचे नाव लिहिलेले नसते. नावे, रस्त्यांची वर्गवारी आणि हद्दी इतर स्रोतांतून भराव्या लागतात. भारतीय गावांची अशी माहिती मुक्तपणे उपलब्ध नसल्याने आरंभीच्या नकाशांत अनेक गावे अनामिक राहिली किंवा भलत्याच जागी दाखवली गेली. ही उणीव लोकसहभागातून भरून काढण्याचे प्रयत्न झाले. इ.स. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेला ओपनस्ट्रीटमॅप, मे २००६ मध्ये सुरू झालेले विकिमॅपिया आणि इ.स. २००८ मध्ये आलेले गूगल मॅप मेकर हे त्यांपैकी प्रमुख होत. मॅप मेकरच्या निर्मितीत गूगलच्या भारतातील अभियंत्यांचा महत्त्वाचा वाटा होता. ही सेवा इ.स. २०१७ मध्ये बंद झाली.

मराठी स्थळनामांच्या बाबतीत दोन अडचणी विशेष जाणवत. पहिली लिप्यंतराची. रोमन लिपीत 'हिंगणी' हे नाव 'ग'नंतरचा स्वर लिहून आणि न लिहिता अशा दोन्ही प्रकारे लिहिले जाते. एका प्रकारे नोंदवलेले गाव दुसऱ्या प्रकारे शोधल्यास सापडेलच असे नसे. देवनागरीत हा प्रश्न उद्भवत नाही, परंतु आरंभीच्या नकाशांतील बहुतांश नावे रोमन लिपीतच होती. दुसरी अडचण समान नावांची. हिंगणी नावाची गावे महाराष्ट्रातील एकाहून अधिक जिल्ह्यांत आहेत. सेलू हे तालुक्याचे ठिकाण वर्धा जिल्ह्यात आहे, तसेच परभणी जिल्ह्यातही आहे. अशा वेळी गाव, तालुका व जिल्हा या तिन्हींचा उल्लेख केल्याशिवाय शोध नेमका होत नाही. ही माहिती स्थानिक व्यक्तीला सहज ठाऊक असते. अवकाशातील कॅमेऱ्याला ती मिळवता येत नाही.

उपयोग

प्रतिमांच्या सार्वत्रिक उपलब्धतेनंतर भूगोलाच्या अध्यापनात नदीखोरे, जलविभाजक, वस्तीचे प्रकार व भूमी उपयोजन या संकल्पना स्वतःच्या परिसरातील उदाहरणांनी समजावून देणे शक्य झाले. पाणलोट विकासाच्या कामात बंधाऱ्याची जागा निवडताना ओढ्याचा मार्ग, वरच्या बाजूचे क्षेत्र आणि झाडोरा प्रत्यक्ष पाहणीपूर्वीच तपासता येऊ लागला. महाराष्ट्रात इ.स. २०१४-१५ पासून राबवलेल्या जलयुक्त शिवार अभियानात केलेल्या कामांची अक्षांश-रेखांशांसह छायाचित्रे नोंदवण्यासाठी महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्राची प्रणाली वापरण्यात आली. राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी योजनेतील कामांच्या अशाच नोंदी इ.स. २०१६ पासून भुवनवर होऊ लागल्या. कागदावरील शेततळे किंवा बंधारा जमिनीवर खरोखर आहे का, हे पडताळण्याचे एक साधन त्यामुळे गावकऱ्यांनाही उपलब्ध झाले.

मर्यादा

उपग्रह प्रतिमा जमिनीचा वापर दाखवते, मालकी दाखवत नाही. प्रतिमेत दिसणारा धुरा आणि अभिलेखातील हद्द एकच असतील असे नाही. धुरा कालांतराने सरकतो, कोरला जातो किंवा नांगरला जातो. त्यामुळे हद्दीच्या वादात सातबारा उतारा, गाव नकाशा आणि भूमी अभिलेख खात्याची अधिकृत मोजणी यांचे स्थान ऑनलाइन प्रतिमेला घेता येत नाही. प्रतिमा जमिनीवर बसवतानाही काही मीटरची चूक राहू शकते. शहरी नकाशात ती दुर्लक्षणीय ठरते, परंतु दोन शेतांमधील वादात तेवढे अंतर निर्णायक असते.

धोरणातील बदल

इ.स. २०११ च्या दूरसंवेदन माहिती धोरणाने मुक्त वितरणाची मर्यादा ५.८ मीटरवरून १ मीटरवर आणली. इ.स. २०१६ मध्ये भूस्थानिक माहितीच्या वापरासाठी परवाना सक्तीचा करणाऱ्या विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला. त्यात उल्लंघनासाठी १०० कोटी रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद होती. त्यावर व्यापक टीका झाली व त्याचे कायद्यात रूपांतर झाले नाही. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र सरकारने जाहीर केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी भारतीय व्यक्ती व संस्थांसाठी नकाशे तयार करण्यावरील पूर्वपरवानगीची अट काढून टाकली. त्यानंतर इ.स. २०२२ मध्ये राष्ट्रीय भूस्थानिक धोरण लागू झाले. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांचे सर्वेक्षण ड्रोनच्या साहाय्याने करून घरांच्या मिळकत पत्रिका दिल्या जातात. आरंभीच्या पृथ्वीगोलांवर केवळ फिकट ठिपक्याच्या रूपात दिसणारे गावठाण या योजनेमुळे घरागणिक अधिकृत नकाशात नोंदवले जाऊ लागले.

हे सुद्धा पहा

• दूरसंवेदन
• भारतीय सर्वेक्षण विभाग
• भुवन
• गूगल अर्थ
• ओपनस्ट्रीटमॅप
• बोर व्याघ्र प्रकल्प
• वर्धा जिल्हा